वाजून राहिलेली साखळी : जुन्या मोटारींच्या टायमिंग चेनचा इतिहास, नागपूरच्या रस्त्यावरून

नागपुरात डिसेंबर म्हणजे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन. एकेकाळी या दिवसांत रविभवनाच्या आवारात पांढऱ्या अँबॅसडर गाड्यांची रांग लागे. सकाळच्या गारठ्यात चालकाने चावी फिरवली, की इंजिनच्या पुढच्या बाजूने, पंख्यामागच्या पत्र्याच्या झाकणाआडून, दोन-तीन क्षण एक खडखड ऐकू येई. मग इंजिन तेल उचले, आवाज दबे आणि गाडी मार्गस्थ होई. सहा महिन्यांनी तीच खडखड दोन क्षणांऐवजी दोन मिनिटे चाले. गॅरेजमधला मिस्त्री कान देऊन निदान सांगे : ‘चेन वाजून राहिली जी.’

ही चेन म्हणजे टायमिंग चेन. ती बदलली तरी वर्ष-दीड वर्षात पुन्हा वाजू लागे, ही अँबॅसडर आणि फियाट वापरणाऱ्या दोन पिढ्यांची तक्रार. दोष साखळीचा, मिस्त्रीचा की आणखी कोणाचा, हा या धाग्याचा विषय. उत्तर शोधायला इंजिनच्या झाकणाआड तर डोकवावे लागतेच. पण मँचेस्टर, दिल्ली आणि १९४३ सालचे नागपूर येथेही जावे लागते.

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिनात पिस्टनच्या खाली-वर होण्याने फिरतो तो क्रँकशाफ्ट. वायू आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा उघडतो तो कॅमशाफ्ट. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा व्हायला हवा, आणि तोही नेमक्या क्षणी. म्हणून दोघांच्या टोकांना दातेरी चाके असतात. कॅमवरच्या चाकाला दुप्पट दाते, आणि दोघांना बांधणारी साखळी. गॅरेजच्या भाषेत या चाकांना ‘गरारी’ म्हणतात. क्रँकच्या गरारीवर २० दाते असतील, तर साखळी एका दात्याने जरी सरकली तरी झडपांची वेळ क्रँकच्या १८ अंशांनी चुकते. इतक्या चुकीने इंजिन धापा टाकू लागते.

साखळी ‘ताणली’ गेली असे सर्रास म्हटले जाते, पण पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. साखळीच्या प्रत्येक कडीत एक पिन असते आणि तिच्याभोवती एक पोकळ नळी, म्हणजे बुश. दोन्ही एकमेकांवर घासून केसाएवढ्या झिजतात. एका कडीतली झीज डोळ्यांना दिसत नाही, मात्र पन्नास-साठ कड्यांची झीज एकत्र आली की साखळी लांब होते. लांबलेली साखळी कॅमला उशिरा ओढते, म्हणून झडपा उशिरा उघडतात आणि उशिरा मिटतात.

ही पिन-बुशची साखळी हान्स रेनॉल्ड या स्विस अभियंत्याची देणगी. स्वित्झर्लंडच्या आराऊ गावातून तो १८७३ मध्ये मँचेस्टरला आला. १८७९ मध्ये त्याने सॅलफर्डमधला एक छोटा कारखाना विकत घेतला. तेथे कापड गिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनत. जुन्या साखळ्या लवकर झिजतात हे पाहून त्याने १८८० मध्ये बुश आणि रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले. पुढे सायकलने आणि नंतर मोटारीने हीच रचना उचलली.

नागपूरकरांनी येथे क्षणभर थांबायला हरकत नाही. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरामार्गे लँकेशायरकडे अधिक वेगाने जाऊ लागला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. ज्या गिरणी-उद्योगाच्या गरजेतून मोटारीची साखळी जन्मली, त्याच उद्योगाच्या एका टोकाला हे शहर उभे होते. हा योगायोग इतिहास बदलणारा नाही, पण टिपून ठेवण्याजोगा आहे.

आता डिसेंबर १९४३. दुसरे महायुद्ध चालू असताना भारतातील प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी देशाच्या रस्त्यांचा पहिला वीस वर्षांचा आराखडा तयार केला. स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही तो ‘नागपूर प्लॅन’ या नावानेच शिकतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही वर्गवारी त्यातली. दर १०० चौरस किलोमीटर क्षेत्रामागे १६ किलोमीटर रस्ते हे उद्दिष्टही त्यातलेच. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे महामार्ग, जुन्या क्रमांकांनुसार सात आणि सहा, पुढे याच शहरात एकमेकांना छेदून गेले.

रस्ते आखले गेले. त्यांवर धावणारी मोटार मात्र देशात बनत नव्हती. विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना मांडली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती मनावर घेतली आणि अमेरिकी कंपन्यांशी बोलणी केली, पण युद्धकाळातल्या ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. त्याआधी १९४२ मध्ये बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स निघाली होती. तिचा कारखाना आधी गुजरातमधल्या ओखा बंदरात आणि १९४८ नंतर बंगालमधल्या उत्तरपाड्यात होता. विश्वेश्वरय्यांचे नाव नागपूरशी जोडले गेले ते नंतर, १९६० मध्ये येथे स्थापन झालेल्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे. ते आज व्हीएनआयटी म्हणून ओळखले जाते.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सरकारला एक निर्णायक सल्ला दिला : परदेशातून खोकी आणून येथे केवळ नटबोल्ट आवळणाऱ्यांना थारा देऊ नये, टप्प्याटप्प्याने भाग देशातच बनवण्याची तयारी असलेल्यांनाच परवानगी मिळावी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणी-कारखाना उघडला होता. त्या कंपनीने आणि फोर्डने काढता पाय घेतला. मैदानात प्रामुख्याने तीन कंपन्या उरल्या : कलकत्त्याजवळ हिंदुस्थान, मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर आणि मद्रासला स्टँडर्ड.

प्रीमियरने १९५४ पासून फियाट ११०० ची जोडणी सुरू केली. इटलीत ही गाडी नव्या रूपात आदल्याच वर्षी आली होती, म्हणजे भारतीय ग्राहकाला त्या वेळी खरोखरच ताजी गाडी मिळत होती. हिंदुस्थानने मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबॅसडर घडवली आणि १९५९ च्या सुमारास तिला १४८९ सीसीचे, डोक्यावर झडपा असलेले ब्रिटिश इंजिन बसवले. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे. दोन्हींमध्ये कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, आणि तो फिरवायला पुढच्या झाकणाआड आखूड साखळी. त्या काळच्या मानाने दोन्ही इंजिने चांगली, साधी आणि दणकट होती.

मग ती थांबली. इंजिने नव्हेत, त्यांचा काळ. युरोपने ही इंजिने मागे टाकली. १९६२ मध्ये जर्मनीतल्या ग्लास कंपनीने साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा वापरणारी गाडी बाजारात आणली आणि काही वर्षांत खुद्द फियाटही पट्ट्याकडे वळली. भारतात मात्र १०८९ सीसीचे तेच इंजिन फियाट, प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी अशी नावे बदलत शतकाच्या अखेरीपर्यंत धावत राहिले.

या थांबण्यामागे धोरण होते. किती गाड्या काढायच्या, कोणता भाग आयात करायचा, नवे यंत्र आणायचे का, प्रत्येक गोष्टीला परवाना लागे. नवी गाडी हवी असेल तर पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९६७ च्या सुमारास तक्रारी इतक्या वाढल्या की मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारला समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये किमतींवर वैधानिक नियंत्रण आले. त्याविरुद्ध कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि योग्य किंमत ठरवण्यासाठी आयोग बसला. किमतीचा वाद वर्षे चालला; गाडीच्या गुणवत्तेची चिंता त्यामागे रांगेत उभी राहिली.

साखळीच्या दृष्टीने यातली कळीची बाब वेगळी आहे. नवी गाडी मिळत नाही, म्हणून जुनी मोडीत निघत नाही. युरोपात जे इंजिन दहा-बारा वर्षांच्या आयुष्यासाठी आखले गेले, ते येथे वीस, तीस, चाळीस वर्षे चालवले गेले. एका मालकाकडून दुसऱ्याकडे, मग टॅक्सीत, मग तालुक्याच्या गावी. आखणाऱ्याने एका साखळीचा विचार केला असेल. येथे एकेका इंजिनाने चार-चार साखळ्या पाहिल्या. ‘पुन्हा पुन्हा चेन जाते’ या तक्रारीचा मोठा भाग याच दीर्घायुष्याचा आहे. मोटारींच्या इतिहासात धोरणकर्त्यांना जेवढी जागा मिळते, त्याच्या दशांशही या दुसऱ्या-तिसऱ्या मालकांना मिळत नाही. ही उणीव खटकते.

नागपूरचे भूगोलशास्त्रही या साखळीवर उलटे बसले. शहर देशाच्या मध्यावर, झिरो माइलचा दगड अभिमानाने मिरवणारे. परंतु कुर्ला येथून ८०० किलोमीटरहून दूर आणि उत्तरपाडा त्याहूनही लांब. अस्सल सुटा भाग येईपर्यंत गाडी किती दिवस उभी ठेवायची? टॅक्सीवाल्याची चूल तर त्या गाडीवरच पेटते. मग बाजारात हाताला लागेल तो भाग बसे. अनेक सुटे भाग धोरणाने लघुउद्योगांसाठी राखलेले होते. त्यातून उत्तम कारागीरही घडले आणि खोक्यावर नामांकित शिक्का मारून कच्चे पोलाद विकणारेही. साखळीच्या पिनेचा कडकपणा डोळ्यांनी कळत नाही. तो कळतो पंधरा हजार किलोमीटरनंतर.

उन्हाळ्याचे तर बोलायलाच नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, डांबर मऊ पडते. साखळीचे आयुष्य तेलावर अवलंबून. पिन आणि बुश यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा टिकला तर झीज नगण्य, तो तुटला की पोलादावर पोलाद. जास्त तापलेले तेल पातळ होते आणि जुन्या, सैल झालेल्या इंजिनात त्याचा दाब आणखी घसरतो. अँबॅसडरच्या इंजिनात साखळीला ताण देणारा टेन्शनर असतो. आतली स्प्रिंग आणि तेलाचा दाब मिळून त्याचा पाटा साखळीवर दाबून धरतात. दाब घसरला की हा पाटा ढिला पडतो आणि साखळी झाकणाच्या पत्र्यावर आपटू लागते. सकाळची ती खडखड हीच. रात्रभरात तेल खाली उतरलेले असते आणि दाब चढेपर्यंत साखळी मोकळी नाचते.

पण नवी साखळी घातल्यावरही दुखणे परत का येई? येथे मिस्त्रीच्या खुर्चीत बसून पाहावे लागते. म्हणजे खुर्चीत कसले, रेडिएटर काढून इंजिनसमोर उकिडवे.

पहिले कारण गरारीत. जुनी साखळी लांबते तेव्हा तिच्या कड्यांमधले अंतर वाढते आणि गरारीचे दाते त्या वाढलेल्या अंतरानुसार झिजतात. ते एका बाजूने वाकलेल्या नखांसारखे होतात. अशा दात्यांवर नेमक्या मापाची नवी साखळी चढवली, तर तिचा भार मोजक्या कड्यांवर येतो आणि ती पहिलीपेक्षा लवकर मरते. उपाय सर्वांना ठाऊक होता : साखळी, दोन्ही गराऱ्या आणि टेन्शनर एकदमच बदलायचे. ‘पूर्ण सेट टाका’ असे मिस्त्री सांगत. मालक म्हणे, सध्या चेनच टाका, बाकीचे पुढच्या महिन्यात पाहू. तो पुढचा महिना क्वचितच उजाडे. येथे दोष केवळ मिस्त्रीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

दुसरे कारण अधिक गमतीचे, आणि खऱ्या अर्थाने फसवे. या दोन्ही इंजिनांत ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरूनच फिरतो. साखळी लांबली की झडपांबरोबर ठिणगीही उशिरा पडते. गाडी ओढत नाही, तापते, पेट्रोल जास्त पिते. अशी गाडी आली की घाईतला मिस्त्री डिस्ट्रिब्युटर सैल करून थोडा फिरवी आणि ठिणगी पुन्हा लवकर आणी. गाडी लगेच हुशार होई. मालक खूश, बिल किरकोळ. परंतु दुरुस्त झाली ती फक्त ठिणगी. झडपा उशिराच उघडत राहिल्या आणि साखळी झिजतच राहिली. काही महिन्यांनी गाडी परत, पुन्हा डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला जाई. साखळीचा दोष असा वर्षभर झाकून ठेवता येत असे, आणि तो उघड व्हायचा तो वर्धा किंवा उमरेडच्या वाटेवर, सावली नसलेल्या जागी.

तिसरे कारण ऐकण्यातले. टॅपेटची टकटक आणि साखळीची खडखड अनोळखी कानाला सारखीच वाटते. टॅपेटचा आवाज वरच्या झाकणाखालून नियमित ठेक्यात येतो. साखळीचा पुढून, अनियमित, आणि ॲक्सिलरेटर सोडताना जास्त. ज्याला हा भेद कळे तो उस्ताद. ज्याला कळत नसे तो टॅपेट आवळून मोकळा होई, आणि आवाज आहे तसाच राही.

चांगल्या उस्तादांकडे मात्र कानापलीकडचीही एक परीक्षा होती आणि तिला एका रुपयाचे यंत्र लागत नसे. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढायचे, म्हणजे आतला रोटर उघडा दिसतो. मग पुढून हँडल लावून क्रँक हाताने अगदी हळू एका दिशेला फिरवायचा, थांबायचे आणि उलट दिशेला फिरवू लागायचे. साखळी नवी असेल तर क्रँक हलताच रोटरही जवळजवळ लगेच हलतो. झिजलेली असेल तर क्रँक बराच फिरतो आणि रोटर जागचा हलत नाही, कारण आधी साखळीचा ढिलेपणा भरून निघावा लागतो. हा मधला ‘मेलेला’ फेर पाहून, झाकण न उघडता, साखळीचे किती दिवस उरले ते सांगता येई. कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतके हे ज्ञान शास्त्रशुद्ध आहे. फक्त ते लिहून ठेवले गेले नाही. गॅरेजच्या वह्यांत रक्कम आणि गाडीचा नंबर असतो, निदान नसते. ते उस्तादाकडून पोऱ्याकडे हातोहात गेले आणि पुष्कळसे त्यांच्याबरोबरच संपले.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली चावी दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली. तिच्या छोट्या जपानी इंजिनात कॅमशाफ्ट वर होता आणि तो फिरवायला साखळी नव्हे, रबरी पट्टा. पट्टा वाजत नाही, त्याला तेल लागत नाही. त्याची अडचण वेगळी : तो कसलीही पूर्वसूचना न देता तुटतो, म्हणून ठरावीक अंतरानंतर चालू स्थितीतच बदलावा लागतो. ज्या पिढीचे कान खडखडीवर वाढले, तिला हा मुका भाग पचायला वेळ लागला. ‘चांगला पट्टा का काढायचा?’ हा प्रश्न त्या काळी वाजवीच वाटला असेल.

अँबॅसडर तग धरून राहिली. १९९२ मध्ये तिला १८१७ सीसीचे इसुझू इंजिन मिळाले आणि गाडी एकदम चपळ झाली. तरी बाह्यरूप तेच. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या आसपास थांबले, अँबॅसडरचे २०१४ मध्ये. मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. वर्तमानपत्रांनी हळवे मथळे दिले. नागपूरच्या वाट्याला असा मथळा आला नाही. येथल्या पद्मिनी एकेक करून पोर्चमध्ये आणि झाडांखाली थांबत गेल्या.

साखळी मात्र परत आली आहे. २००७ च्या सुमारास भारतीय डिझेल गाड्यांत पसरलेले १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन साखळीवर चालते, आणि त्याची मूळ रचना पुन्हा फियाटचीच. नंतरच्या अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांनीही पट्टा सोडून साखळी घेतली. ‘आयुष्यभर टिकणारी’ अशी तिची ख्याती सांगितली जाते. हे आयुष्य कोणाचे, इंजिनाचे की पहिल्या मालकाचे, हे कोणी स्पष्ट करत नाही. डिझेलच्या तेलात काजळी मिसळते आणि ती बारीक रेतीसारखी पिन-बुश घासते. तेल बदलायला उशीर केला की एमएच-३१ च्या पाटीखालीही तीच जुनी खडखड ऐकू येते. फरक इतकाच, की आता क्रँक हँडलने फिरवता येत नाही आणि रोटर नावाची वस्तूच उरलेली नाही. निदान संगणक सांगतो.

ज्यांच्याकडे अजून चालती पद्मिनी किंवा अँबॅसडर आहे, त्यांच्यापुढे वेगळा हिशेब आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५००० रुपये झाले, आणि गाडी तपासणीत पास व्हावी लागते ती वेगळीच. म्हणजे खडखडणारी साखळी आता केवळ कानाला त्रास देत नाही. उशिरा मिटणाऱ्या झडपांमुळे बिघडलेले ज्वलन धुराच्या चाचणीतही डोके वर काढते. पूर्ण सेट शोधायला मालक जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींचे गट धुंडाळतात, कुठल्या तरी बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरचे न उघडलेले खोके मिळवतात.

असे खोके मिळाले की काम अजूनही पूर्वीसारखेच चालते. रेडिएटर उतरतो, हँडलचा मोठा नट निघतो, पत्र्याचे झाकण बाजूला होते. दोन्ही गराऱ्यांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या जातात. जुनी साखळी उतरवून रॉकेलने धुतली जाते, आणि मग उस्ताद ती एका टोकाला आडवी, पातीच्या बाजूने धरतो. नवी साखळी अशी धरली तर पट्टीसारखी बरीचशी सरळ राहते. जुनी हळूच खाली झुकते आणि धनुष्यासारखा बाक घेते. तो ती मालकाच्या हातात देतो, नवीही देतो, आणि स्वतः खुणा जुळल्या आहेत का ते पुन्हा एकदा पाहायला वाकतो.